पाचवा बार उडालाच नाही

सोना, परवा तुला माती दिली तेव्हा नव्या पाळकांनी तुला चोर म्हटलं. अगदी मायेनं म्हटलं. पोरगं चांगलं आहे, आवाजही गोड आहे. उपदेशाआधी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभांची जुनी वही चाळायची त्याला सवय आहे, आणि तिच्यात दुष्काळातलं ते पान सापडलं. मग खड्ड्याच्या कडेला उभं राहून तो म्हणाला, "कृपा म्हणजे काय ते समजायचं असेल तर या माउलीकडं बघा. लेकरांच्या तोंडचं दूध हिनं चोरलं होतं, आणि तरी प्रभूनं हिला आपल्या मेजावर परत बसवलं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तुझा दावीद मूठभर माती घेऊन उभा होता, ती टाकायची विसरला. स्वतःच्या पायांकडं बघत राहिला.

मी पुढंच होते. म्हातारी म्हणून मला एकटीला खुर्ची दिली होती. उठून "थांबा" म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं नाही. पहिली ढेकळं पेटीवर पडली आणि मला तो जुना आवाज आला, खोल विहिरीतून यायचा तसा. मी आपली मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. मग सगळे हात झटकून मागं सरले.

रविवारी तुझी स्मरणभक्ती आहे, आणि त्याच उपासनेत प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरसाचा पेला. दावीद मला म्हणाला, "बाई, आईवर चार शब्द लिवून आना. तुमच्याइतकी जवळची कोन हाय तिला?" हे ते चार शब्द. मंडळीत उभं राहून वाचायचे आहेत. वाचेन की नाही ते मला अजून ठाऊक नाही, म्हणून तूर्त तुलाच लिहिते. तू माझ्यावर चिडणार नाहीस. तीच तर पहिल्यापासून अडचण आहे.

आताच्या पोराबाळांना मी म्हणजे काठी टेकत येणारी, उपासनेत लिमलेटच्या गोळ्या वाटणारी आणि लांबलेल्या प्रार्थनेत मोठ्यानं खोकणारी आजी. त्यांना सांगायला हवं, की बाहत्तर सालच्या दुष्काळात मी चोवीस वर्षांची पाळकीणबाई होते. सांगलीहून लग्न होऊन माण तालुक्यातल्या ह्याच गावात आलेली. मॅट्रिक झालेली, पेटी वाजवणारी, आणि देवाला उजव्या हाताची गरज पडली तर तो आपणच, अशा खात्रीनं चालणारी. दर बुधवारी बायकांना जमवून मी पापावर बोलायची. पापाची मला तेव्हा तेवढीच माहिती होती, जेवढी कोंबड्याला अंडं घालण्याची. तू माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, चार लेकरांची आई, तरी तू मला अहोजाहो करायचीस आणि मी तुला अगंतुगं. आता बदलायला गेले तर खाली पडल्या पडल्या हसशील, म्हणून तूच राहू दे.

एका बुधवारी मी कृपेवर बोलले. देव फुकट देतो, लायकी बघत नाही, वगैरे. तोंडातली मिश्री गालाला सारून तू विचारलंस, "फुकाट म्हंजी कसं वो बाई? दुष्काळी कामावर सुकडी फुकाट म्हनत्यात, तीबी दिसभर खडी फोडल्यावर देत्यात." बायका खूप हसल्या. मी एक भलंमोठं वचन म्हणून दाखवलं.

त्या साली आभाळ घासलेल्या परातीसारखं दिसायचं. ढग नाही, पाखरू नाही. ओढ्यात गुरांचे सांगाडे पडलेले, आणि दुपारी त्यांच्यावरून वारा गेला की शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. निम्मे पुरुष मुंबईला गेलेले. उरलेलं गाव खडी फोडायला. मंडळीच्या कोठीत मुलांसाठी दुधाच्या भुकटीचं पिंप आलं होतं. ती सकाळी पाण्यात कालवायची आणि यादीतल्या प्रत्येक पोराला पेला पेला द्यायची. आमच्या साहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाळकाच्या घरात त्यातला चमचाभरही येणार नाही." मी मान डोलावली. मान डोलवण्यात मी पटाईत होते.

आमच्या देवळामागची, म्हणजे चर्चमागची, विहीर खोल करायचं काम चाललं होतं. तुझा नवरा याकोब सुरुंग लावायचा. खडकात भोकं पाडून दारू ठासायची, वाती पेटवायच्या, दोरावरून सरसर वर यायचं आणि आरोळी द्यायची, "बार हाय, लांब व्हा." किती बार भरलेत तेही तो ओरडून सांगायचा. मग सगळं गाव शाळेच्या भिंतीआड दडून मोजायचं, कारण एखादा मुका राहिला आणि कळलं नाही, तर पुढं उतरणारा माणूस वर येत नाही.

त्या शुक्रवारी तो ओरडला, "पाच हायती." टळटळीत दुपार होती. सगळे भिंतीआड पळाले. मी कोठीत शिरले. कोठीला नुसती कडी होती. पाळकाच्या परसात चोरी करायला कोण येणार?

लेकरासाठी चोरलं असं सांगितलं की लोकांना बरं वाटतं. माझी सहा महिन्यांची मुलगी होती हे खरं. माझं अंगावरचं दूध आटत चाललं होतं हेही खरं. पण मुलगी त्या वेळी घरात झोपली होती, आणि मी पिंपात हात घालून माझेच बकाणे भरत होते. साखर संपून दोन महिने झाले होते. मला गोड हवं होतं. एवढंच कारण, सोना. ती भुकटी टाळूला चिकटली, गिळताही येईना. तेवढ्यात पहिला बार झाला. वरचे पत्रे थडथडले, पिंपातली भुकटी धुरासारखी उठली. मी भरल्या तोंडानं मोजत होते. दोन. तीन. चार.

मग काहीच नाही.

अशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. भिंतीआड शंभर माणसं श्वास धरून, विहिरीत एक बार दडून, आणि त्या सगळ्यात फक्त माझ्या गिळण्याचा आवाज. मला वाटलं, देवानं हात वर उचललाय आणि आता तो नेम धरतोय.

बाहेर आले तर समोर तू. सगळं गाव आडोशाला असताना तू उघड्यावर का, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही, इतकी मी हुशार. तो महिनाभरानं आला. बाई भिंतीआड दिसल्या नाहीत म्हणून तू मला शोधायला निघाली होतीस, पाचवा बाकी असताना. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस. तुझा ओठ जरासा हलला. मग गडद निळ्या लुगड्याचा पदर घेऊन, शेंबड्या पोराचं पुसावं तसं तू माझं तोंड पुसलंस. "त्वांड पुसत जावा, बाई," म्हणालीस. "आन् हला हितनं. एक ऱ्हायलाय."

रविवारी उपासनेनंतर शमुवेल वडील उभे राहिले. मंडळीच्या कारभाऱ्यांना आमच्यात वडील म्हणतात. कोठी त्यांच्याकडं असायची. पिंपाचं झाकण सरकलेलं, आत पाच बोटांचे खड्डे, खाली सांडलेलं, हे त्यांनी सगळ्यांपुढं सांगितलं. कुणीतरी म्हणालं की शुक्रवारी सोनाच्या पदराला पांढरं लागलं होतं. एक लुगडं नेसायचं आणि दुसरं असलंच तर धुवायला पाणी नाही, असे ते दिवस. पदर तुझ्या खांद्यावरच होता. सगळ्यांनी बघितला.

"पाळकीणबाई," शमुवेल वडील म्हणाले, "तुम्ही तिथंच होतात. सोना कोठीकडं आली होती का?"

"आली होती," मी म्हणाले.

शब्द न् शब्द खरा. पुढं नातवंडांना मी ढीगभर थापा मारल्या, माझ्या लहानपणी सांगलीच्या घाटावर मगरी पाढे म्हणायच्या इथवर. पण त्या खऱ्या वाक्याइतकं खोटं मी जन्मात बोलले नाही.

"सोना, तुला काही सांगायचंय?"

तू पदराची घडी बोटांनी सारखी केलीस. "न्हाई," म्हणालीस.

तुला शिस्त लागली. मंडळीत असंच असायचं. पश्चात्ताप होईपर्यंत प्रभुभोजन बंद, आणि बसायचं दाराजवळ, एकटीनं. छोट्या पेल्यांचं तबक सतरंजीवरून रांगेरांगेनं फिरायचं आणि तुझ्या अलीकडून मागं वळायचं. त्यातली आणखी एक गोष्ट कुणाच्या ध्यानातही आली नाही. त्या पेल्यांतला रस तूच करायचीस. माझे वडील सांगलीहून काळ्या मनुका पाठवायचे. आदल्या दिवशी तू त्या भिजत घालायचीस, चुरायचीस, फडक्यातून पिळायचीस. शिस्त लागल्यावरही ते काम तू सोडलं नाहीस आणि कुणी सोडवलंही नाही. आपल्याला मिळायचं नाही ते हातानं पिळून द्यायचीस आणि दाराशी जाऊन बसायचीस.

विहिरीतला मुका बार तसाच होता. कुणी उतरेना. तो मारायचा तर भोकात पाणी ओतायचं, दारू भिजू द्यायची, मग उकरायचं. आणि गावात प्यायला पाणी नाही. सोमवारी तू घागर घेऊन दारोदार निघालीस, कारण खाली उतरणार होता तुझाच नवरा. माझ्या उंबऱ्याशी आलीस आणि म्हणालीस, "बाई, पाणी द्या."

मला वाटलं, हिला काय हवं ते आता कळणार. घरातली भरलेली एकुलती एक घागर मी उचलून तुझ्यापुढं ठेवली.

"एवढं नगं," तू म्हणालीस. "तांब्याभर बास. तुमाला बी प्यायला लागंल की."

याकोब उतरला. तासाभरानं मुठीत ओली काळी दारू घेऊन वर आला. लोकांनी देवाचे उपकार मानले. मी डोळे मिटून हात जोडले, आणि आत मात्र मला हायसं वाटलं नाही. याकोब वर आला होता, आता तरी तो पाचवा बार उडायला हवा होता, असं वाटत राहिलं. उडाला असता तर संपलं असतं. आता तो विहिरीत नव्हता, आणि म्हणून कुठंही असू शकत होता.

पुढचे महिने मी तुझ्या चांगुलपणाला इतकी भ्याले, जितकी कुणाच्या शिव्यांना भ्याले नसते. तू मूठभर हुलगे आणून दिलेस, मला वाटलं, आता बोलेल. "बाळीला दूध पुरतंय का वो?" असं तू विचारलंस, आणि मला दरदरून घाम फुटला. मग तू तुझ्या शेळीचं दूध पाठवायला लागलीस, अर्धा पेला, माझ्या लेकीसाठी. तुझ्या घरात चार तोंडं असताना. पहिल्या दिवशी मी ते परसात ओतून दिलं. मला ते गळाला लावलेलं गांडूळ वाटलं. त्या दुष्काळात, सोना, मी दूध जमिनीवर ओतलं, आणि जमिनीनं ते असं प्यायलं की डागसुद्धा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा पाठवलंस. माझी मुलगी त्या दुधावर जगली. आता तिला गुडघेदुखी आहे आणि ती मला औषधं वेळेवर घेत नाही म्हणून रागावते.

उन्हाळ्यात एकदा, सणाच्या आदल्या दुपारी, आपण दोघी माझ्या स्वयंपाकघरात होतो. तू मनुका चुरत होतीस. तुझी बोटं काळी झाली होती. मला सहन होईना.

"सोना, तू सांगत का नाहीस?"

"काय?"

"तुला माहीत आहे काय ते."

"सांगू व्हय? बगा, सांगते," म्हणून तू उठल्यासारखं केलंस. माझा चेहरा बघून परत बसलीस. "आवं, गंमत केली. बसा खाली, पडाल."

"माझ्यासाठी गप्प बसलीस?"

"तुमच्यासाटी कशाला? त्या दिशी तुमचं त्वांड बगून मला लय हसू आलं. मांजरागत दिसत हुता. ज्याला बगून हसू आलं त्याला मागनं मारायचं कसं?"

"पण असं चालत नाही," मी म्हणाले. बघ माझा आव. चोर मीच आणि न्यायाचं शिकवतेय. "चूक झाली तर शिक्षा व्हायलाच हवी कुणाला तरी."

"झाली की. मला झाली."

"तू काही केलं नव्हतंस."

"मग वाया गेली म्हना. जाऊ द्या." तू फडकं पिळलंस. काळा रस पातेल्यात ठिबकत होता. "तुमीच म्हनला हुता न्हवं बुदवारी, देव लायकी बगत न्हाई? मग आता का भ्याताय?"

मी काहीतरी उत्तर देणार होते, तेवढ्यात साहेब आत आले. तो वाद तिथंच राहिला. मी पुढं कितीदा उत्तर जुळवलं. सांगलीत भांडी घासताना, कराडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना. एकही तुझ्यापुढं टिकलं नसतं.

आठ महिन्यांनी तुला उभं करून विचारलं, "पश्चात्ताप झाला का?" तू म्हणालीस, "झाला." मग सरळ माझ्याकडं बघून, "समद्यास्नीच झाला आसंल." त्या दिवशी मी पेटीवर इतके सूर चुकले की साहेब घरी आल्यावर म्हणाले, "पेटी दुरुस्तीला टाकू या."

त्यांची सांगलीला बदली झाली, तरी तू यायचीस. दोन एसट्या बदलून, कडेला बोचकं, बोचक्यात बाजरी. दर खेपेला उंबऱ्यात टेकायचीस आणि म्हणायचीस, "बाई, एक इचारू का?" आणि माझ्या छातीत पहिला बार व्हायचा. तू विचारायचीस, मीठ कुठलं वापरता. विचारायचीस, नातीचं नाव काय ठेवलं. तुला ठाऊक होतं का गं, की मी दर वेळी मरते? मला वाटतं, होतं. थोडी मजा तूही घेतलीस. घेतलीस तेच बरं. नाहीतर तुला संत करून मला अजूनच लांब पळता आलं असतं.

साहेब गेले ते मला निर्मळ बायको समजून. त्यांच्यामागं मी परत ह्या गावी येऊन राहिले. त्यांना सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा विचारला.

गेल्या महिन्यात तुला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा सिस्टर दुधाचा पेला घेऊन उभी होती आणि तू तोंड फिरवून पडली होतीस. "मला नगं. बाईस्नी द्या," म्हणालीस. मी नको नको म्हणत प्यायले. म्हातारपणी मला अजून गोड आवडतं. पेला खाली ठेवला, आणि तू माझ्या तोंडाकडं बघून हसायला लागलीस. आवाज नव्हता, नुसती छाती हलत होती. पदराकडं हात नेलास, तो उचलला नाही. मग माझं तोंड मीच पुसलं, माझ्या पदरानं, पहिल्यांदा.

"आई कशाला हसतीया?" दावीदनं विचारलं.

"काही नाही रे," मी म्हणाले. "जुनं काहीतरी आठवलं असेल."

तू मान वळवलीस. रागानं नाही, दमून. एकदा शमुवेल वडिलांपुढं, एकदा दावीदपुढं, आणि परवा खड्ड्याच्या कडेला तिसऱ्यांदा. प्रभूच्या शिष्यानं त्याला तीनदा नाकारलं तेव्हा आरवला होता, तो कोंबडा आरवायचा तेवढा राहिलाय. पण आमच्या गल्लीत आता कुणी कोंबड्या पाळत नाही.

मातीवरून आल्यावर मी ठरवलं होतं, की वाचून झाल्यावर आठ महिने दाराजवळ बसायचं. पेला घ्यायचा नाही. तुझ्याएवढंच, एक रविवार कमी नाही. ठरवलं आणि मला इतकं हलकं वाटलं की रात्री दोन घास जास्त गेले. सकाळी उठले, तोंडावर पाणी मारायला तांब्या हातात घेतला, आणि तुझा आवाज आला. एवढं नगं.

ही म्हातारी पुन्हा भरलेली घागर घेऊन धावली होती. तू मागितलेलं नसताना.

म्हणून आता असं. हे वाचायचं, कारण तुझं नाव तुझ्या लेकाला परत मिळायला हवं. ते माझ्याकडं आहे, आणि ते देण्यात माझी काही थोरवी नाही. दावीद कदाचित माझ्याशी बोलणार नाही. बायका कुजबुजतील. माझी लेक, तुझ्या शेळीच्या दुधावर वाढलेली, माझ्याकडं कशी बघेल ते मला सांगता येत नाही. त्याला मी भीत नाही असं नाही, पण ती भीती माझ्या ओळखीची आहे. दुसरी ओळखीची नाही. वाचून झाल्यावर मी खाली बसेन, आणि तबक फिरत फिरत माझ्यापुढं येईल. तेव्हा काही न देता, काही न फेडता, नुसता हात पुढं करायचा. आयुष्यभर मी शिक्षेची वाट बघितली. ती आली असती तर मला कळली असती. हे कळत नाही. हात वर उचलून इतकी वर्षं थांबलेला देव, मारायला थांबलाच नव्हता की काय?

आता बाटलीतला द्राक्षाचा रस आणतात. मी पाळकांना सांगितलं, या खेपेला मी करते. दुपारी मनुका भिजत घातल्यात. पातेलं खिडकीत आहे. पाणी हळूहळू काळं होत चाललंय आणि मी अर्ध्या अर्ध्या तासानं उठून बघतेय, जसं काही आत कुणी वात पेटवून ठेवलीय.

दावीद, तुझ्या आईच्या पदराला लागलेलं ते पांढरं माझ्या तोंडाचं होतं. दूध मी खाल्लं. तिनं फक्त पुसलं.

सोना, हे वाक्य मी मोठ्यानं वाचेन. मग सगळे गप्प होतील, त्या दुपारी झाले होते तसे, आणि मी भिंतीआड नसेन. तुझी दाराजवळची जागा रिकामी असेल, तिथं मी जाणार नाही. पेला येईल, तो घेईन. आणि ओठांना जे लागेल ते लागू दे. पुसणार नाही.